चहाच्या पिशवीचं काडतूस

चहाची पिशवी नखं काढायच्या कात्रीनं कापून, आतली चहापूड बाजूला सारून, नुसता कागद जपून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. ही गोष्ट लंडनमधल्या वेम्बलीतली. म्हणजे जिथं ईलिंग रोडवर भेंडीपासून भांग पाडायच्या कंगव्यापर्यंत सगळं मिळतं, तिथली. माझी खोली वरच्या मजल्यावर होती. खोली कसली, भिंतीला सुटलेलं पोट! कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे, आणि शिंक आली तर खिडकी. पण भाड्यात काकूंच्या हातचं जेवण धरलेलं होतं, आणि त्या जेवणासाठी मी कोटाच्या कपाटात उभ्यानं झोपलो असतो.

मालकांना आम्ही काका म्हणायचो. उंची बेताची, नाक मात्र सहा फुटी माणसाचं. वर वाटप करताना काहीतरी घोटाळा झाला असावा. काका कोर्टात दुभाषी होते. गुजराती, हिंदी आणि मराठी या तीन भाषांतून इंग्रजीत, आणि इंग्रजीतून परत. गुजरातीचं काम रोज असे, हिंदीचं अधूनमधून. मराठीसाठी मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. त्याचं त्यांना फार दुःख होतं.

"आपला माणूस एक तर गुन्हा करत नाही," काका उसासा टाकून म्हणत, "आणि केलाच तर इंग्रजीत कबूल करतो."

मग कोर्टात न खपलेलं हे सगळं मराठी घरात साठत जायचं आणि आमच्यावर खर्च व्हायचं. फ्रिजला ते शीतकपाट म्हणत. कौन्सिलनं दिलेली रिसायकलिंगची निळी पेटी म्हणजे 'पुनर्जन्माची पेटी'. मी एकदा जेवताना 'वीकेंड' म्हणालो, तर काकांनी माझ्या पानाकडे निघालेली पोळी हवेत थांबवली आणि मी 'आठवडाअखेर' म्हणेपर्यंत खाली येऊ दिली नाही. माझ्या देखत पोळी वाळली हो! "शब्दाला शब्द द्यावा," हे त्यांचं ब्रीद. "कमी नाही, जास्त नाही. दुभाष्यानं पदरचं घालू नये."

यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लोकांना आयुष्यभर शब्दाला शब्द देत आले. मला दिलेला एक शब्द पाळता येईना."

तो एक शब्द सिगारेटचा होता. काका मागच्या बागेत शेडच्या आडोशाला उभे राहून ओढायचे आणि आत येऊन खोकायचे. त्यांचा खोकला असा, की शेजाऱ्यांचा कुत्रा भिंतीपलीकडून उत्तर द्यायचा. आम्ही हसायचो. काकू हसायच्या नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचा असाच खोकला त्यांनी दोन हिवाळे भिंतीआडून ऐकला होता. तिसऱ्या हिवाळ्यात ऐकायला काही उरलं नव्हतं.

तर त्या वर्षी काकांची लेक लीड्सला बाळंत व्हायची होती. काकू तिकडे निघाल्या. टॅक्सी दारात उभी, मी बॅग उचललेली, आणि काकूंनी उंबऱ्यावर थांबून काकांना बजावलं.

"अहो, ऐका. सिगारेट सुटली तर मी परत येते. नाही सुटली, तर लीड्सही काही वाईट गाव नाही. मला तो खोकला पुन्हा भिंतीआडून ऐकायचा नाही."

काका म्हणाले, "आरोपीला मान्य आहे."

"आरोपीला काय मान्य असतं ते मला माहितीये," काकू म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसता बसता माझ्या कानाशी लागल्या, "लक्ष ठेव रे. मी रोज फोन करीन. आधी तुझ्याशी बोलेन, मग त्यांच्याशी."

असा मी हेर झालो. तिकडे टॅक्सी वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती जे विचारेल ते मला सांगत जा. तू तिचा माणूस हे मला कळतं. पण जेवण आता माझ्या हातात आहे." त्या हातची आमटी मी त्याआधी एकदा चाखली होती. तेवढ्यावर मी दुसऱ्या बाजूचाही हेर झालो.

*

पहिले काही दिवस काका शहाण्यासारखे वागले. म्हणजे भिंतीवर डोकं आपटत नव्हते एवढंच. मग एक दिवस चीनहून पार्सल आलं. ते त्यांनी माझ्यासमोर उघडलं नाही. कोटाखाली धरून मागच्या शेडमध्ये नेलं, आणि ज्या शेडला उभ्या आयुष्यात कडी लागली नव्हती, तिला संध्याकाळी कुलूप दिसलं.

संध्याकाळी काकूंचा फोन. "काय चाललंय?"

"शेडला कुलूप लावलंय."

"लावलं ना? मला वाटलंच. आतून धूर येतो का?"

मी बागेत जाऊन बघून आलो. धूर येत होता. पण हा धूर चमत्कारिक. शेडच्या फटीतून पांढरा ढग निघायचा, दोन हात चालायचा आणि हवेत विरून जायचा. मागं जळक्या तंबाखूचा वास नाही. वास आला तर पेपरमिंटचा! मी परत येऊन हे सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "सिगारेट ओढून वर गोळी खातायत."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला स्वतःहून ती वस्तू दाखवली. तेव्हा इंग्लंडात नुकतीच कुठं कुठं दिसू लागलेली विजेवरची सिगारेट. सिगारेटीएवढीच लांब, पांढरी, आणि टोकाला निखाऱ्याच्या जागी लाल दिवा. ओढलं की दिवा लागायचा. तिचे तीन तुकडे व्हायचे. एक बॅटरी, एक वाफ करणारा भाग, आणि तोंडात धरायचं कार्ट्रिज. त्या कार्ट्रिजमध्ये कापसासारखं पांढरं भरण, आणि भरणात मुरवलेला पातळ अर्क.

काकांनी अर्थातच तिन्हींना शब्दाला शब्द दिला होता. "हा विद्युतघट. कार्ट्रिजला आपल्याकडे पेशवाईपासून शब्द आहे, काडतूस. आणि हे मधलं ॲटमायझर. ॲटम म्हणजे अणू. म्हणून हे अणुकारक."

"काका, हे शब्द बाहेर नका बोलू," मी म्हणालो.

"का? शुद्ध आहेत."

शुद्ध होते. पण त्या वर्षांत लंडनमध्ये स्टेशनवर कुणाची डब्याची पिशवी विसरली तरी बॉम्बच्या धास्तीनं फलाट रिकामे व्हायचे. आणि हा मनुष्य फोनवर, बसच्या रांगेत, मंदिराच्या पायरीवर खणखणीत आवाजात सांगत सुटला, की अणुकारक उत्तम चाललंय, तक्रार फक्त काडतुसांची आहे!

आणि ती तक्रार खरी होती. विकतचं काडतूस दहा-बारा झुरक्यांत कोरडं पडे आणि जळक्या उशीची चव येई. अर्क तळाशी असे, पण भरण त्याला पुढं सोडत नसे. "दोष भाषांतराचा आहे," काका म्हणाले. "आत मजकूर आहे, पण बाहेर येत नाही." मग ते चिमट्यानं काडतुसाचं पोट रिकामं करायला लागले आणि दुसरं काय भरता येईल याच्या शोधात निघाले. आधी शोभेच्या माशांच्या दुकानातून काचेच्या टाकीला लावायचा निळा स्पंज आणून त्याच्या चिंध्या भरल्या. दोन दिवस काकांच्या तोंडाला तळ्याचा वास. मग माझ्या उशीचा एक कोपरा जरा हलका लागायला लागला. मी संशय घेतला, पण पुरावा नव्हता.

आणि मग काकांनी हात घातला तो थेट देवघरात.

काकूंनी पुण्याहून आणलेल्या फुलवाती एका पितळी डबीत असायच्या. मऊ कापूस, बोटांनी वळलेला, शेंडीला टोक. काडतुसात बसवायला देवानंच वळल्यासारखा. काकांनी एक घेतली, बसली. दुसरी घेतली, बसली. तिसरी घेताना ती शेजारच्या वाटीतली निघाली, काकूंनी सणासाठी तुपात भिजवून गोठवून ठेवलेल्यातली. ती तशीच काडतुसात गेली, वर पेपरमिंटचा अर्क, आणि काकांनी झुरका घेतला.

काय सांगू! घरभर साजूक तुपाचा धूप पसरला. जिन्यावर सत्यनारायण बसल्यासारखं वाटायला लागलं. शेजारची गुजराती बाई हात जोडून कुंपणाशी आली आणि प्रसाद आहे का विचारून गेली. काका शेडमध्ये खोकत होते, कुत्रा उत्तर देत होता, आणि मी फुलवातींच्या रिकाम्या डबीकडे बघत फोन वाजायची वाट पाहत होतो.

"सगळ्या संपवल्या?" काकू फोनवर म्हणाल्या. आवाज एकदम खाली. "देवाच्या वाती ओढल्या त्यांनी?"

"एकच ओढली काकू. बाकीच्या भरून ठेवल्यात."

फोन तिकडून आपटल्याचा आवाज आला. एव्हाना बाळ झालेलं होतं, फोन बंद व्हायच्या आत ते दचकून रडलेलंही ऐकू आलं.

*

याच सुमारास घरात तिसरा माणूस राहायला आला. नागपूरचा, माझ्याच धंद्यातला, सॉफ्टवेअरवाला. आम्ही त्याला नागपूरकरच म्हणायचो. त्याच्या व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती, पासपोर्ट सरकारी टेबलावर, आणि त्यामुळं तो पोलिसाच्या सायरनलाही उभं राहून मान द्यायचा. त्याला शेडला लागूनची खोली मिळाली. काका संध्याकाळी शेडमधून फोनवर बोलत आणि पातळ फळ्यांमधून शब्द न् शब्द त्याच्या उशाशी येई.

आठवड्याच्या आत तो माझ्या खोलीत आला. म्हणजे अर्धा आला, अर्धा जिन्यावर राहिला. त्याहून जास्त जागा नव्हती.

"काय करून राहिला बे हा म्हातारा?"

"का? काय झालं?"

"चहाच्या पिशव्या फाडून राहिला. चहा बरणीत भरते, कागद घेऊन शेडमध्ये जाते. आपल्याला काय पाजून राहिला मग? अन् आता फोनवर काय म्हणाला सांगू? काडतुसं भरून तयार आहे. अणुकारक दोन घेतले, एक बिघडला तर असू दे. शनिवारच्या गाडीनं लीड्सले जातो अन् सगळ्यांसमोर उडवून दाखवतो. घरात लहान बाळ आहे म्हणे, म्हणून खिडकी उघडी ठेवा!"

मी हसलो. पण खरं सांगतो, त्याच्या तोंडून ऐकताना मीही एकदा खिडकीतून शेडकडे पाहून घेतलं. मला सगळं माहीत होतं, तरी. माहीत आहे असं मला वाटत होतं, असं म्हणू. चहाच्या कागदाचं तर मलाही माहीत नव्हतं. ज्याच्या हातचा चहा आपण दोन्ही वेळ पितो, त्यानं कागद ठेवून घेतला आणि पूड आपल्याला दिली, यात संशय घेण्यासारखं काही नाही असं म्हणणारा माणूस मला दाखवा.

काका भाजीला गेलेले पाहून आम्ही शेडची कडी स्क्रू काढून उतरवली. आत काय होतं? दोरीवर, बाळाचे मोजे वाळत घालावेत तसे, चहाच्या पिशव्यांचे धुतलेले, कात्रीनं नीट कापलेले कागद क्लिपांना टांगलेले. टेबलावर चिमटा, सुई, अर्काची बाटली, काडतुसांची रांग. आणि टेबलाच्या कोपऱ्यात, काचेच्या पेल्याखाली झाकलेलं, एक सिगारेटचं पाकीट. खऱ्या सिगारेटचं.

"आता बोल," नागपूरकर म्हणाला.

आम्ही पेला उचलायला हात घातला तेवढ्यात दारात काका. हातात मेथीची जुडी.

"तक्रारदार कोण आणि साक्षीदार कोण?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"काका, हे पाकीट..." मी सुरुवात केली.

"सील बघ. फोडलंय का?"

फोडलेलं नव्हतं. वरचा पातळ कागद जसाच्या तसा होता. "ही गेली त्या दिवशी आणलं," काका म्हणाले. "रोज त्याच्यासमोर बसतो. वाघ पिंजऱ्यात दिसत असला म्हणजे जंगलात आहे का याची भीती राहत नाही." मग त्यांनी मेथी खाली ठेवली आणि चहाचा एक कागद उतरवून आम्हाला सगळं करून दाखवलं. कागदाची सुरळी केली, काडतुसात बसवली, वरून अर्क थेंबाथेंबानं सोडला. "चहाचा कागद ओला होऊन फाटत नाही, जळत नाही, आणि पाणी सरकवतो. इंग्रजांनी दीडशे वर्षं आपला चहा नेला. त्यातून आपल्या कामाचा एवढाच कागद निघाला." दिवा लागला. पांढरा, जाड, निवांत ढग निघाला. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की नागपूरकरसुद्धा "हौ" म्हणून गेला.

पण त्या चिकटलेल्या सीलकडे मी पुन्हा एकदा पाहिलं. कागदाच्या कडेला किंचित सुरकुती होती. इस्त्री फिरवून चिकटवल्यासारखी. किंवा कारखान्यातलीच असेल. मला आजतागायत कळलेलं नाही.

मी संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. पाकीट आहे, पण सीलबंद आहे.

"सीलबंद?" काकू म्हणाल्या. "मग आणखी वाईट. फोडलेलं असतं तर किती उरल्यात ते तरी कळलं असतं." आणि लगेच पुढं, "शनिवारी तूही ये त्यांच्याबरोबर. त्यांच्या शब्दावर माझा भरवसा नाही. कुणीतरी बघणारं पाहिजे."

*

शनिवारी सकाळी आम्ही किंग्ज क्रॉसला पोचलो. काकांनी कोर्टातला काळा सूट घातला होता. भरलेली काडतुसं कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत घालून आतल्या खिशात ठेवली होती. छाती त्या बाजूला जरा फुगीर दिसत होती. आणि फलाटाच्या तोंडाशी नेमका पोलीस उभा, शेजारी कुत्रा. कुत्रा सगळ्यांना सोडून काकांच्या छातीकडे बघायला लागला.

"मॉर्निंग, सर," पोलीस म्हणाला. "खिशात काय आहे, विचारू का?"

आता या प्रश्नाला कुणीही 'डबी' असं उत्तर दिलं असतं. पण काकांनी उभा जन्म साक्षीदारांना खरं बोलायला लावलं होतं. ते ताठ झाले, घसा साफ केला आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा कोर्टातल्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, "कार्ट्रिजेस, ऑफिसर. होम-फिल्ड."

म्हणजे काडतुसं, आणि तीही घरी भरलेली! माझा आत्मा शरीर सोडून छतापर्यंत गेला. तिथून मला दिसलं, की एक बाई आपली ट्रॉली टाकून पळाली.

"होम-फिल्ड," पोलीस हळूच म्हणाला.

"विथ टी बॅग्ज," काका म्हणाले. "अँड आय हॅव ॲन ॲटमायझर."

पोलिसाचा हात खांद्यावरच्या वायरलेसकडे गेला. कुत्र्यानं मात्र कर्तव्य सोडून काकांच्या खिशात नाक घातलं, आणि पेपरमिंटनं अशी एक शिंक दिली, की पट्ट्यासकट मागं बसला. काकांनी ती वस्तू काढून ओठात धरली, झुरका घेतला, दिवा लागला, ढग निघाला. पोलीस त्या ढगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी आई असलंच काहीतरी मागत होती. चालतं का हो?"

पुढं वीस मिनिटं काकांनी त्याला चहाच्या कागदाची सुरळी कशी करायची ते समजावलं. आमची गाडी आमच्या देखत सुटली, आणि गार्डनं हात हलवला तेव्हा पोलिसानंही हलवला. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो.

लीड्सला लेकीनं दार उघडलं. ती इथंच जन्मलेली, तिकडच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मराठी मनापासून बोलायची, पण लिंगाच्या बाबतीत समतावादी.

"बाबा, तुझी खोकला कमी झाली का? आई खूप रागावला आहे."

काकू आत बसल्या होत्या, मांडीवर बाळ घेऊन. काकांनी बाळाकडे हात केला. काकूंनी बाळ जरासं पलीकडे घेतलं. "आधी दाखवा."

काकांनी सगळ्यांना बसवलं. खिडकी उघडली. काडतूस लावलं. आणि आयुष्यातला सगळ्यात दीर्घ झुरका घेतला.

गाडीच्या डब्यात हीटर होता. छातीशी धरलेली काडतुसं त्या उबेनं पाझरली होती. काकांच्या तोंडात वाफ आली नाही. घोटभर कडू, जहाल अर्कच आला. त्यांचे डोळे गोल झाले. नाक लाल, मग जांभळं. ते उठले आणि तोंडावर हात दाबून बेसिनकडे पळाले. डबी उघडून पाहिली तर एकूण एक काडतूस रिकामं, आणि आतल्या खिशाला पेपरमिंटचा मोठा डाग. दुसरा अणुकारकही त्यात भिजून मेला होता.

काकूंनी फक्त भुवई वर केली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही," काका म्हणाले.

आणि खरोखरच काही नव्हतं. घरात ना विजेची सिगारेट, ना खरी. दुपारभर काका शेंगदाणे खात होते, नॅपीच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचत होते, हाताची बोटं एकमेकांत अडकवून पुन्हा सोडवत होते. काकू बाळाला थोपटत होत्या, आणि नजर मात्र त्या बोटांवर. संध्याकाळी काका उठले आणि म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो."

नवऱ्याच्या तोंडचं हे वाक्य कुठल्याही मराठी बाईला ओळखू येतं. काकूंनी बाळ लेकीच्या हातात दिलं, साडीवर जावयाचं जाड जाकीट चढवलं आणि मला डोळ्यानं खुणावलं. आम्ही दोघं त्यांच्या मागं निघालो. एका खांबाआडून दुसऱ्या खांबाआड. काकूंच्या अंगावर ते जाकीट असं होतं, की त्यांच्यापुढं खांबच लपल्यासारखा दिसत होता.

काका दुकानापाशी थांबले. सिगारेटचं दुकान. काकूंनी माझं मनगट असं पकडलं, की त्या हातानं मी आठवडाभर टायपिंग केलं नाही. काका काचेतून आत बघत उभे राहिले, खूप वेळ. मग पुढं गेले. कोपऱ्यावर एक पब होता. पबमध्ये सिगारेटला बंदी झाल्यापासून ओढणारे बाहेर थंडीत घोळका करून उभे असायचे. काका त्या घोळक्यापासून चार हातांवर जाऊन थांबले. हात खिशात. कुणाशी बोलले नाहीत, कुणाकडे मागितलं नाही. एकानं पाकीट पुढं केलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. नुसतं ते सहा फुटी नाक जरा वर करून, डोळे मिटून उभे राहिले.

मला वाटलं, काकूंचं मन आता विरघळणार. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"वारा बघून उभे राहिलेत," काकू म्हणाल्या.

पण मनगट सोडलं. रस्ता ओलांडून त्या थेट काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी डोळे उघडले.

"अहो, चला घरी."

काकांनी हात खिशातून काढले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी म्हणजे कुठल्या?"

"वेम्बलीच्या."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत काकू आधी चढल्या. बॅगा मी रचत होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "काकू, म्हणजे विश्वास बसला तर!"

"छे रे!" काकू म्हणाल्या. "विश्वास कसला? पण संशय घ्यायचा तर जवळ राहून घ्यावा. लीड्सला बसून काय कळतं? फोनवर वास येत नाही."

काकांनी शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि काकू तिथं बसल्या.